यकृताचा एक आकडा छापायचा राहिला आहे : पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे चालक,
आणि अहवालाच्या तळाशी सही करणारे डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणे मागाहून. ज्या अहवालात एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतली दोन विकरे) आणि प्लेटलेट हे तिन्ही आकडे असतात, त्यात आणखी एक ओळ छापत जा : फिब-४, म्हणजे यकृतात व्रण (फायब्रोसिस) साचले असतील का याचा अंदाज देणारा आकडा. त्यासाठी पुन्हा सुई टोचायला नको, नवे रसायन नको, नवे यंत्र नको. वर एसजीओटी गुणिले वय, खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. झाला भागाकार. २००६ साली हे सूत्र आले ते एचआयव्ही आणि हेपटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी. आज फॅटी लिव्हरच्या रुग्णांची पहिली छाननी जगभर त्यानेच करतात.

अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ धरा. एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ५५ हजार. आपल्या अहवालात यातला एकही आकडा ठळक होणार नाही. काठावर असतील, पण तिन्ही 'नॉर्मल रेंज'च्या आत. गृहस्थ कागदाची घडी घालून तो फायलीत ठेवणार आणि संध्याकाळी मित्रांना सांगणार, सगळं नॉर्मल आलं. आता हेच आकडे सूत्रात घाला. उत्तर येते २.३७. १.३ च्या खाली असेल तर यकृतात फार व्रण साचल्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच. हे गृहस्थ मधल्या पट्ट्यात आहेत आणि तेही वरच्या टोकाला. यांचा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, व्हायला हवा.

दुसरा एक एक्केचाळीस वर्षांचा. सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर', एसजीपीटी ७८, ठळक अक्षरांत, शेजारी बाण. एसजीओटी ४५, प्लेटलेट २ लाख ९० हजार. घरात रडारड. याचा फिब-४ निघतो ०.७२. याला वजन उतरवायचे आहे, बाहेरचे खाणे आवरायचे आहे, पण हातात वेळ आहे. म्हणजे आजच्या अहवालांवर ज्याने जागे व्हायचे तो निवांत झोपतो आणि ज्याच्याकडे सवड आहे तो रात्री दोन वाजता मोबाइलवर यकृत प्रत्यारोपणाचा खर्च शोधत बसतो.

मी डॉक्टर नाही. जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून सोसायटीतले लोक अहवाल घेऊन येतात. "मॅडम, जरा बघता का? लिव्हरला सूज आलीय म्हणे." औषध मी सांगत नाही, आकडे वाचून दाखवते. दोन वाक्ये जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतात. एक, "फॅटी लिव्हर काय, आजकाल सगळ्यांनाच असतं." दुसरे, "आमच्या घराण्यातच आहे ते." या दोन वाक्यांनी जितके नुकसान होते तितके तळणीच्या तेलानेही होत नसावे.

पहिले वाक्य आकड्यांच्या बाजूने फारसे चूक नाही, हीच पंचाईत आहे. देशातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांमधले प्रमाण ३८.६ टक्के होते. हैदराबादच्या आयटी कर्मचाऱ्यांच्या २०२५ च्या अभ्यासात तर ८४ टक्के लोकांच्या यकृतात जादा चरबी सापडली. हिंजवडी आणि खराडीतल्या खुर्च्या काही वेगळ्या बनावटीच्या नाहीत. पण चरबी अनेकांना असली तरी बहुतेकांचे प्रकरण चरबीवरच थांबते. काहींचे दाहाकडे जाते, त्यातल्या काहींच्या यकृतात व्रण साचत जातात आणि त्यातल्याही काहींना सिरॉसिस होतो, म्हणजे व्रणांनी सगळे यकृतच कडक होते. नुसती चरबी असेल तर व्रणाची एक पायरी चढायला सरासरी चौदा वर्षे लागतात, सोबत दाह असेल तर सात. पोटात पाणी होईपर्यंत, रक्ताची उलटी होईपर्यंत माणसाला काही म्हणता काही जाणवत नाही. म्हणून 'सगळ्यांना' हा शब्द सोडून 'यातले कोण पुढे चालले आहेत' हे विचारायला हवे, आणि ते सोनोग्राफीचा 'ग्रेड' सांगत नाही. ग्रेड म्हणजे यकृत पडद्यावर किती उजळ दिसते, म्हणजे चरबी किती, याचा अंदाज. व्रणाच्या पायऱ्या वेगळ्या, एफ० ते एफ४. ग्रेड वन असलेला माणूस एफ३ वर असू शकतो आणि ग्रेड थ्री असलेला एफ० वर. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, आणि खरे सांगायचे तर सगळ्याच डॉक्टरांचे चित्र स्पष्ट असते असेही नाही.

आता कारणांकडे. पुढचे चार-सहा परिच्छेद पेशीच्या आत घडतात. तुमच्यातल्या अनेकांनी हे एमडीच्या परीक्षेपुरते वाचले असेल. पण ही ओळ आत्ताच का छापायची, याचे उत्तर तिथेच आहे.

यकृतपेशी आणि बारीक रक्तवाहिन्या यांच्यामधल्या अरुंद फटीत ताराकृती पेशी असतात. निरोगी यकृतात त्यांचे काम साधे : शरीरातल्या 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा साठा थेंबाथेंबांनी सांभाळायचा. इजा झाली, मग ती दारूची असो, विषाणूची असो वा साचलेल्या चरबीची, की या पेशी आपला साठा टाकून देतात, पसरतात, आकुंचन पावू लागतात आणि कोलॅजेन ओतू लागतात. व्रण म्हणतो तो हाच. पेशी तीच, तिच्यातला डीएनए तोच, त्यातले एक अक्षरही बदललेले नाही. मग वागणे इतके कसे बदलले? प्रत्येक पेशीकडे पोथ्यांचे तेच एक कपाट असते, काही पोथ्या चौरंगावर उघड्या, काही बासनात घट्ट बांधलेल्या. कोणती उघडी आणि कोणती बांधलेली, यावर पेशी काय करणार ते ठरते. बांधणे आणि सोडणे ही कामे रासायनिक खुणांनी होतात. डीएनएवर मिथाइल गट बसतात, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवर मिथाइल वा अॅसिटाइल गट चढतात-उतरतात, आणि सूक्ष्म आरएनए त्यात आपला हात घालतात. एपिजेनेटिक बदल म्हणतात ते हेच.

ताराकृती पेशीला शांत ठेवणारे एक जनुक आहे, पीपीएआर-गॅमा. ते चालू असेपर्यंत पेशी आपली साठा सांभाळत बसते. २०१० साली न्यूकॅसलच्या संशोधकांनी ते बंद कसे पडते हे दाखवले. पेशी चेतवली गेली की एमईसीपी-२ नावाचे प्रथिन या जनुकाच्या मिथाइल लागलेल्या भागावर येऊन बसते. त्याच्या जोडीने ईझेडएच-२ हे विकर हिस्टोनवर ठरावीक जागी मिथाइलच्या खुणा उमटवते. जनुक बासनात गेले. पुढे तीच पेशी कोलॅजेनचा कारखाना होते आणि मूळ इजा थोडी ओसरली तरी कारखाना लगेच बंद होत नाही, कारण खुणा जागच्या जागी असतात.

पण खुणा म्हणजे शिक्का नव्हे, त्या पुसतात. २०१२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर हे तपासले. रसायन देऊन यकृतात व्रण केले, मग रसायन थांबवले. व्रण विरले. चेतलेल्या पेशींपैकी बऱ्याच मेल्या, हे आधीही ठाऊक होते. नवे हे होते की सुमारे निम्म्या पेशी मेल्या नाहीत, त्या पुन्हा शांत झाल्या आणि कोलॅजेनची जनुके त्यांनी बंद केली. त्यातही एक गोम होती. या पेशी पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. पुन्हा इजा केली तेव्हा त्या कधीच न चेतलेल्या पेशींपेक्षा लवकर आणि जोरात उसळल्या. मला विचाराल तर या सगळ्या विषयातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे : यकृत माफ करते, पण विसरत नाही. सहा महिने दारू सोडून सातव्या महिन्यात 'आता रिपोर्ट चांगला आलाय' म्हणून बसणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

माणसांतही असेच दुहेरी चित्र दिसते. २०१३ साली एका जर्मन गटाने स्थूल रुग्णांच्या यकृताचे तुकडे वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासले. फॅटी लिव्हरमुळे डीएनएवर पडलेल्या काही मिथाइल खुणा वजन उतरल्यावर मागे फिरल्या होत्या. लगेच पुढच्या वर्षी संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी मिथाइल खुणांवरून यकृताचे जैविक वय काढले. बॉडी मास इंडेक्स दहाने वाढला की यकृत सुमारे ३.३ वर्षांनी जास्त म्हातारे दिसत होते आणि शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरूनही पहिल्या नऊ महिन्यांत हे वय मागे आले नाही. काही खुणा लवकर पुसतात, काही चिवट असतात. जितका उशीर तितक्या चिवट खुणा उरतात, असे मी यातून वाचते. सोनोग्राफीत यकृताच्या कडा खडबडीत दिसू लागल्यावर जागे होण्यापेक्षा फिब-४ दीड झाल्यावर जागे होणे का बरे, ते इथे कळते.

आणि जागे होऊन करायचे काय, हेही ठाऊक आहे. क्यूबामध्ये २९३ रुग्णांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, उपचार एकच : आहार आणि चालणे. ज्यांनी दहा टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवले, त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांचा यकृतदाह गेला आणि ४५ टक्के लोकांचे व्रण कमी झाले. ऐंशी किलोच्या माणसाला आठ किलो. सोपे नाही, पण 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्या वर्षानुवर्षे रिकाम्या करण्यापेक्षा खचितच स्वस्त.

विषाणूंच्या बाबतीत थोडक्यात. हेपटायटिस बीचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात शिरून त्या पेशीच्याच हिस्टोनवर स्वतःला गुंडाळून घेतो, एक चिमुकले गुणसूत्र होऊन बसतो. औषधाने रक्तातला विषाणू नाहीसा झाला तरी हा मागे राहतो, म्हणून गोळी मनाने थांबवायची नसते. हेपटायटिस सी आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. पण विषाणू गेल्यावरही हिस्टोनवरच्या काही खुणा तशाच राहतात आणि त्यांचा संबंध पुढच्या यकृत-कर्करोगाच्या धोक्याशी आहे, हे २०१९ साली दिसून आले. ज्याला सिरॉसिस होऊन गेला आहे त्याने 'निगेटिव्ह' अहवाल हाती आल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. तुमच्या 'नॉट डिटेक्टेड'खाली हे एक वाक्य छापता आले तर सोन्याहून पिवळे. पण तो या पत्राचा विषय नव्हे.

दारूची वाट वेगळी आहे. शरीराला मिथाइल गट पुरवणारे एक चक्र असते, त्यात फोलेट लागते, बी-१२ लागते, मिथिओनिन लागते. दारूपासून बनणारे अॅसिटाल्डिहाइड या चक्रातले एक महत्त्वाचे विकर अडवते. मिथाइलचा पुरवठा आटतो आणि खुणा भलत्याच जागी पडू लागतात. शिवाय दारूचे शेवटी अॅसिटेट होते, ते हिस्टोनवर अॅसिटाइल गट म्हणून चढते आणि दाहाच्या जनुकांना मोकळीक देते. एरवी पोट भरलेला पण रोज 'दोनच पेग' घेणारा माणूस आतून कुपोषित असू शकतो, तो असा.

मिथाइलच्या चक्रावरून विषय आपसूक पुण्याकडे वळतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतली बाळे सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधली ३.५ किलोची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळपास राखलेली. बारीक दिसणारी आणि आतून चरबीदार बाळे. मोठ्या माणसांत हे कसे दिसते ते याज्ञिकांनी २००४ साली स्वतःच्याच उदाहरणाने दाखवले : ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. "मी तर बारीक आहे, मला कसं फॅटी लिव्हर?" असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट सांगते. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या २०१० च्या अभ्यासात तर फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांचा बॉडी मास इंडेक्स २५ च्या खाली होता.

पुण्याच्याच अभ्यासातली २००८ ची नोंद अशी की बऱ्याच आयांमध्ये बी-१२ कमी होते, आणि ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. म्हणजे आईच्या पोटात असताना मिथाइलचे चक्र कसे चालले याचा हिशेब मूल शाळेत जाऊ लागल्यावरही मिळतो. अशा खुणा आयुष्यभर टिकू शकतात याचा पुरावा हॉलंडमधून आला. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही मिथाइल खुणा कमी होत्या. आपल्याकडे तीन पिढ्यांपूर्वीच्या दुष्काळाच्या आठवणी घरोघरी सांगतात, त्यांचा जमाखर्च पोटातही असावा.

आता ते दुसरे वाक्य, 'घराण्यातच आहे'. जनुकांचा वाटा खोटा नाही. पीएनपीएलए-३ या जनुकातला एक बदल २००८ साली सापडला, तो असलेल्यांच्या यकृतात चरबीही जास्त साचते आणि व्रणही. पण घराण्यातून काय काय येते, हे पुण्याने एकदा फार चांगले पाहिले आहे. लहान मुलांचा सिरॉसिस नावाचा एक आजार आपल्याकडे होता. वर्ष-दोन वर्षांचे मूल, पोट फुगलेले, यकृत दगडासारखे, आणि काही महिन्यांत खेळ आटोपलेला. एकाच घरात एकापाठोपाठ मुले जात, म्हणून तो आनुवंशिक समजत. १९८० च्या दशकात केईएमच्याच डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या मुलांना काय पाजले होते ते खोदून विचारले. उत्तर चुलीवर सापडले : कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले आणि त्यातच ठेवलेले वरचे दूध. दुधात तांबे उतरत होते आणि कोवळ्या यकृतात साचत होते. घरात भांडे तेच, म्हणून पुढच्या मुलालाही तेच. दूध कशात तापवायचे एवढे बदलले आणि काही वर्षांत आजार दिसेनासा होत गेला. वेळेवर औषध मिळालेल्या काही मुलांची यकृते पुढे तपासली तर ती जवळजवळ पूर्ववत झाली होती. तांबट आळीच्या गावात हे घडले याचे मला अजून नवल वाटते, आणि त्या संशोधनाची आठवण शहराला जवळजवळ नाही याचे वाईट.

मग घराण्यातून आज काय येते? जेवणाच्या वेळा येतात, रविवारची ताटे येतात, 'खाऊन माजावं, टाकून माजू नये' येते, बसायच्या सवयी येतात, वडिलांचा संध्याकाळचा ग्लास येतो. या सगळ्याच्या खुणा यकृतावर पडतात आणि मग आम्ही त्याला रक्त म्हणतो.

इथे तुम्हाला एक सूचना, जरा परखड आहे. 'एपिजेनेटिक' हा शब्द आता बाजारात आला आहे. तुमच्यापैकी कोणाकडे तरी लवकरच एखादा विक्रेता येईल, 'तुमच्या यकृताचे खरे वय' सांगणारे पॅकेज घेऊन. कृपया थांबा. पीपीएआर-गॅमाच्या मिथाइल खुणा रक्तात तरंगणाऱ्या डीएनएमध्ये ओळखता येतात आणि व्रणाच्या पायरीशी त्या जुळतात, हे २०१७ साली दाखवले गेले. काम सुंदर आहे, पण ते संशोधनाचे. त्यावरून कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यायचे हे आज ठरत नाही. खुणा थेट पुसणारी, व्रणावर मान्यता मिळालेली गोळीही आज नाही. ईझेडएच-२ ला रोखणारे औषध २०२० साली अमेरिकेत मंजूर झाले ते एका दुर्मिळ कर्करोगासाठी. पाषाणच्या आयसरमध्ये वा विद्यापीठाच्या आवारातल्या पेशीविज्ञान केंद्रात अशा खुणांचा अभ्यास व्हावा, भरपूर व्हावा. तुमच्या काउंटरवर मात्र जुना, फुकटचा भागाकारच बरा.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, काही मी फोनवर ऐकलेही आहेत. "लोक घाबरतील." आजही घाबरतातच, फक्त चुकीचे लोक. "डॉक्टरांनी मागितलं नाही तर आम्ही का छापावं?" किडनीसाठी क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर अनेक लॅब न मागता छापतात, तेव्हा हा प्रश्न आला नव्हता. "चुकीचा पॉझिटिव्ह येतो." हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि याची उत्तरे तुम्हीच छापायची आहेत. पस्तिशीच्या आत हा आकडा भरवशाचा नाही, तिथे छापूच नका. पासष्टीनंतर खालची रेषा १.३ नव्हे, २.० धरायची. पावसाळ्यात पुण्यात डेंगी येतो, प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढते आणि धडधाकट माणसाचा फिब-४ आभाळाला भिडतो. ताप असलेल्याच्या, तीव्र कावीळ असलेल्याच्या अहवालावर ही ओळ नको. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढून आलेल्याचा एसजीओटी स्नायूंतून येतो, त्याला आठवड्याने पुन्हा बोलवा. आणि मधुमेह असलेल्याचा आकडा कमी आला म्हणून त्याला कायमची सुट्टी नाही, दर एक-दोन वर्षांनी पाहायला हवे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. कागदावर आपण पुढे आहोत. पण शहरातला नोकरदार माणूस सरकारी केंद्रात जात नाही, तो कंपनीच्या वार्षिक तपासणीत तुमच्याकडे येतो, सकाळी उपाशीपोटी, दंडाला पट्टा बांधून. त्याचे चारही आकडे वर्षानुवर्षे तुमच्या संगणकात पडून आहेत. मागच्या पाच वर्षांचा फिब-४ एका ओळीत छापला तर तो चढतो आहे की उतरतो आहे हे त्याचे त्यालाच दिसेल.

'क्लिनिकल कोरिलेशन सुचवले जाते' हे वाक्य आपण सगळे डोळे मिटून छापतो आणि कोणीच वाचत नाही. त्याऐवजी मराठीत एवढे छापा, वाटल्यास शब्द बदला :

'फिब-४ : २.३७. यकृतात व्रण आहेत का, हे या आकड्यावरून ठरत नाही. पण तपासून पाहावे असे सुचते. आपल्या डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. फायब्रोस्कॅन ८ किलोपास्कलच्या खाली आल्यास बहुधा काळजीचे कारण नाही. तोवर दारू नको, आणि काविळीची कोणतीही पुडी-मात्रा मनाने नको.'

शेवटची एक तांत्रिक गोष्ट, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आवर्जून सांगा. आपल्याकडे प्लेटलेट लाखांत लिहितात, सूत्राला ते हजारांत लागतात. १.५५ लाख म्हणजे सूत्रात १५५. कोणी १.५५ तसेच घातले तर त्या गृहस्थांचा फिब-४ दोनशे सदतीस येईल, आणि मग त्यांना खरोखरच कार्डिओलॉजिस्टकडे न्यावे लागेल.

आपली,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र प्राध्यापिका
कोथरूड, पुणे